सात नंबरची तेरा रोपं

१

सोमवारी सकाळी काचघराचं दार उघडलं, तेव्हा आत उकडलेल्या पाल्याचा वास कोंडून राहिला होता. मागच्या बाकावर तेरा कुंड्या ओळीनं मांडलेल्या, आणि तेराही रोपं काठावरून माना टाकून पडलेली. पानं काळपट, लिबलिबीत; देठ भिजल्या सुतळीसारखे. प्रत्येक कुंडीच्या पोटावर एक पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर काळ्या उभ्या रेघा आणि खाली आकडा. सात.

जांभळपान ही तशी गरीब वनस्पती. पानं कच्ची खावीत, शिजवून खावीत, खोकला झाला तर उकळून प्यावीत. पण खोकला आवरणारं तिच्यातलं कडू सत्त्व सात नंबरच्या झाडात इतरांच्या बारापट भरलं होतं. ते का, हे शोधायला या संस्थेत चार वर्षं त्या झाडाची जनुकं वाचली जात होती. एक आई-झाड, आणि तिच्या फांद्या खोचून केलेली बारा लेकरं. जगात एवढीच. आज चार वाजता बाहेरचे तपासनीस ताजी पानं न्यायला यायचे होते. आपल्याकडे नेऊन ते सगळं पहिल्यापासून वाचणार होते, मोजणार होते.

"माळ्यानं मारली," मोठ्या बाई म्हणाल्या. संस्थेच्या त्या प्रमुख, वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत बसलेल्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट उतरे, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. "पाणी तोच घालतो. उकळतं घातलं, झालं. बढती मिळाली नाही त्याचा सूड."

समोर पानबाई उभी होती. संस्थेत जे झाड अभ्यासाला घेतलं जाई, त्याचा एक नमुना मुळांसकट दाबायचा, वाळवायचा, कागदावर टाचून कपाटात ठेवायचा, हे तिचं काम. वीस वर्षं तेच. ती असते त्या खोलीला वाळल्या पानांचा वास येतो आणि तिलाही, असं लोक म्हणत, तिच्या पाठीमागे म्हणण्याचेही कष्ट न घेता.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"चौकशी तुम्ही करायची म्हणून. माळी तुमचा सख्खा भाऊ, आणि अकरा वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही. भावाला वाचवलं असं कुणी म्हणणार नाही. मागं त्याच्याविरुद्ध सही तुम्हीच केली होतीत ना? आणखी एक करा. चारच्या आत."

"आणि त्याचं काय होईल?"

"नोकरी जाईल. आवारातली खोलीही. संध्याकाळी सामान फाटकाबाहेर."

पानबाईनं वही उचलली.  ती जिना उतरून खाली गेली.

२

माळ्याला अवजारांच्या खोलीत बसवून बाहेर पहारेकरी ठेवला होता. एका पालथ्या कुंडीवर बसून तो नखांतली माती काडीनं काढत होता.

"या साहेब," तो म्हणाला. "सही कुठं करायची सांगा. म्हणाल तर अंगठाही देतो."

"दादा, काल तू किती वाजता आलास?"

"फाटकावरच्या वहीत आहे. वाचता येतं ना तुला? लिहिता तर छान येतं."

अकरा वर्षांपूर्वी बियाण्याचे दोन वाण एकमेकांत मिसळले होते. चौकशी झाली. पानबाईनं लिहून दिलं, 'बियाणं माळ्यानं मिसळलं.' ते खरं होतं. तेवढ्या एका ओळीवर त्याची बढती गेली, वहिनीचं शिवणयंत्र विकलं गेलं, आणि बहीण-भावांचं बोलणं बंद पडलं.

"सातला येऊन पाणी घातलंस, आठला गेलास. तेव्हा रोपं जिवंत होती?"

"होती."

"तुझ्यानंतर मोठ्या बाई दहाला, जनुकांचा वाचक अकराला, रसायनातली नाकवाली बाराला. यांच्यापैकी कुणी केलं?"

"मी सांगू? आणि तू माझ्यावर विश्वास ठेवणार? तू?" तो हसला. त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "आज सकाळी सहाला आलो तर ही गत. माझ्या हातचं लेकरू उकडून काढलं कुणीतरी. आणि नऊ वाजता मलाच धरून इथं बसवलं."

"तू मारलीस का, एवढंच सांग."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याचा पगार मिळत नाही."

"मग जा. मिळतो तेवढं कर."

ती वळली. वळता वळता तिची नजर त्याच्या बुडाखालच्या कुंडीवर गेली. नवी कोरी, मोठी, भाजक्या मातीची. तशाच बारा कुंड्या शेजारी एकात एक घालून ठेवलेल्या. नव्या कोऱ्या, पण आतून ओल्या.

लहानपणी दोघं भांडली की आई कामाच्या ठेक्यावर गुणगुणायची:

एका देठाला पानं दोन,
एक रुसलं, समजावील कोण?

ते आज इतक्या वर्षांनी कुठून आठवलं? पानबाईनं ते परतवून लावलं आणि काचघराकडे चालू लागली.

३

काचघरात तिनं पहिल्यांदा मेलेल्या रोपांकडे पाहिलंच नाही. खिडकीजवळचा बाक रिकामा होता, तो तिनं पाहिला. सात नंबरची जागा हीच. सगळ्यात चांगलं ऊन इथं, म्हणून चार वर्षं तेरा कुंड्या इथंच असायच्या. फळीवर तेरा ओलसर वर्तुळं उमटली होती, मोत्यांच्या माळेसारखी. तिनं मागच्या बाकावरची एक कुंडी उचलून एका वर्तुळावर ठेवली.

कुंडी लहान पडली. वर्तुळ चारही बाजूंनी बोटभर मोठं.

तिनं मेलेलं एक रोप देठाशी धरलं आणि हलकेच ओढलं. रोप सहज हातात आलं. माती भसकन सुटून पडली. पानबाईनं आयुष्यात हजारो रोपं मुळांसकट उपटली होती. वर्षानुवर्षं एकाच कुंडीत राहिलेलं झाड असं येत नाही. मुळं कुंडीच्या आकाराची होतात, गोल गोल फिरून जाळं विणतात, मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. हे रोप या कुंडीत पाहुणं होतं. दोन-तीन दिवसांचं.

तिनं ते रोप खाली ठेवलं. मग तिनं काचघराच्या कोपऱ्यातली पाणी उकळायची टाकी पाहिली. अवजारं निर्जंतुक करायची ती टाकी. तोटी कुणालाही सोडता येईल अशी.

"म्हणजे मेलंय ते सात नाहीच," ती स्वतःशीच म्हणाली. "मग सात कुठं आहे?"

४

नाकवाली म्हणजे सत्त्व मोजणारी रसायनबाई. तिच्या नाकाची ख्याती अशी, की यंत्राचा आकडा येण्याआधी ती पान चुरडून सांगे, आणि यंत्र मागून मान डोलावी.

"या, पोलीसबाई," ती म्हणाली. "मीच मारली असं लिहायचं असेल तर लिहा. कारणही देते. शोधनिबंधावर माझं नाव तिसरं घातलंय. बारापट कोणी मोजलं? मी. पहिलं नाव कोणाचं? त्या वाचक पोराचं, ज्याला झाड आणि झाडू यांतला फरक कळत नाही."

"तपासनिसांनी परत मोजलं तर तुझा आकडा टिकेल?"

रसायनबाईनं फळीवरची बरणी धाडकन समोर ठेवली. "ही सात नंबरची पूड. भट्टीत भाजलेली, गच्च भरलेली. हवी तेवढी न्या, हवी तितक्यांदा मोजा. उद्या मोजा, दहा वर्षांनी मोजा."

"हिच्यातून जनुकं वाचता येतील?"

"भाजलेल्या पोथीतून अक्षरं वाचता येतात का? सत्त्व टिकतं. बाकी सगळं जळतं." ती एकदम खाली बसली. "चार वर्षं वास घेतलाय गं मी त्या झाडाचा. जा आता. मला रडताना बघायला लिहून घेणाऱ्या बायका नकोत."

जनुकं वाचणारा वाचक पलीकडच्या थंड खोलीत होता. गळ्यात स्कॅनर अडकवलेला, आणि हाताला चाळा असा, की समोर आलेल्या प्रत्येक रेघेवर तो टेकवायचा. नळीवर टुक्. पेटीवर टुक्. पानबाईच्या पिशवीतून बिस्किटाचा पुडा डोकावत होता, त्यावरही टुक्.

"सवय," तो ओशाळून म्हणाला. "फार वाईट झालं, पानबाई. तुमच्या भावाबद्दल म्हणतोय मी. शिक्षण नसलं की माणूस असाच सूड उगवतो."

"तो सहावीपर्यंत माझ्या पुढे होता," पानबाई म्हणाली. "तू सात नंबर ओळखतोस कसा?"

"आकड्यावरून. मला सगळी सारखीच दिसतात, खरं सांगू? हिरवं ते हिरवं. मी आत वाचतो, बाहेर नाही." तो खुलला. "वनस्पतीच्या पेशीत एक प्रचंड पोथी असते. तिचे लाखो तुकडे करायचे, वाचायचे, परत जोडायचे. सातच्या पोथीत सत्त्व बनवणारं पान दोनदा आहे. दोन प्रती! म्हणून बारापट. हा माझा शोध."

"त्या पोथीचा रस नळीत साठवलेला असतो ना? तपासनीस तोच नेतील."

"संपला," वाचक म्हणाला. "मागच्या आठवड्यात. शेवटचा थेंब." टुक्. त्यानं टेबलावरच्या रिकाम्या नळीवर स्कॅनर टेकवला. "बाय द वे, मी शुक्रवारी तुमच्याकडे चिठ्ठी पाठवली होती. सात नंबरचा दाबलेला नमुना हवा होता. फोटोसाठी."

"माझा कागद खोलीबाहेर जात नाही."

"वाळलं पान. त्याला काय एवढं सोनं लागलंय?"

"तेच म्हणते मी," पानबाई म्हणाली. "काय एवढं सोनं लागलंय?"

५

एक वाजता उपाहारगृहात आरडाओरडा चालला होता.

"हे सूप आहे की शिक्षा?"

"आचारी, जांभळाची शाई ओतलीस काय रे?"

आचारी कळकट फडकं खांद्यावर टाकून उलट ओरडत होता, "रोज तुम्हाला सपक लागतं! आज जरा चव आली तर बोंब! मागच्या वाफ्यातलंच जांभळपान आहे, नेहमीचंच. कडेला नवी ओळ टवटवीत दिसली, ती खुडली. माझं काय चुकलं?"

मोठ्या बाईंनी चमचा ताटलीत आपटला. "या संस्थेत आज धड काहीच होणार नाही का?" वाचकानं नाक मुरडून वाटी बाजूला सारली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पानबाईनं एक घोट घेतला.

कडू. आधी जिभेच्या टोकाला, मग कडेनं, मग घशात खोल उतरून तिथंच घर करून बसणारा कडूपणा. दोन वर्षांपूर्वी नमुना दाबताना तिनं एक पान चघळून बघितलं होतं. दिवसभर पाणी गोड लागत होतं त्या दिवशी.

तिनं वर पाहिलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रसायनबाईचा चमचा तोंडाशी थबकला होता. दोघींची नजर भिडली. रसायनबाईच्या डोळ्यांत एकदम पाणी तरारलं आणि तोंड उघडलं.

"बोलू नकोस," पानबाई उठता उठता तिच्या कानाशी म्हणाली. "एक अक्षर बोलू नकोस. चल."

मुदपाकखान्याच्या मागं वाफा होता. माळ्यानं उपाहारगृहासाठी लावलेला, साध्या जांभळपानाचा. त्याच्या कडेला एक नवी ओळ. माती ताजी, हातानं थापलेली, बोटांचे ठसे अजून दिसत होते. तेरा रोपं. नऊ बोडकी, आचाऱ्यानं शेंडे उतरवलेली. चार शाबूत. वाऱ्यानं पान उलटलं की खालून गर्द जांभळा रंग चमकायचा.

रसायनबाईनं एक पान चुरडलं, नाकाशी नेलं, आणि मातीत फतकल मारून बसली. "सात," ती म्हणाली. "अगं, सात आहे. जिवंत आहे."

"तू मारायला गेली असतीस तर काय केलं असतंस?"

"आधी पान चुरडून बघितलं असतं. मी काय आंधळी आहे?" मग तिला प्रश्न समजला. "म्हणजे ज्यानं मारलं, त्यानं..."

"त्यानं नुसता आकडा बघितला." पानबाईनं घड्याळ पाहिलं. "इथं बस. आचाऱ्याला जवळ फिरकू देऊ नकोस. चावलीस तरी चालेल."

६

चार वाजता तपासनीस आले. दोन थकलेली माणसं, हातात बर्फाची पेटी. मोठ्या बाईंनी माळ्याला बोलावून दाराशी उभं केलं होतं, पायात पायताणंही घालू न देता.

"वाचा तुमचा अहवाल," मोठ्या बाई म्हणाल्या.

पानबाईनं वही उघडली नाही. "काचघरात काल चार माणसं गेली. चौघंही सात नंबर ओळखतात, पण चौघांची ओळखायची रीत वेगळी. मोठ्या बाई, तुम्ही जागेवरून ओळखता. पाहुण्यांना दर आठवड्याला खिडकीजवळ नेता. रसायनबाई वासावरून. माळी चेहऱ्यावरून, जशी आई ओळखते. आणि वाचक आकड्यावरून."

"मुद्द्यावर या."

"शुक्रवारी माळ्यानं सात नंबरची कुंडी बदलली. मुळं कोंडली होती, मोठी कुंडी हवी होती. सात मोठ्या कुंडीत गेलं आणि खिडकीतच राहिलं. रिकाम्या झालेल्या कुंड्यांत त्यानं साधी रोपं लावली, मागच्या बाकावर ठेवली. पण चिकटपट्ट्या जुन्या कुंड्यांवरच राहिल्या."

माळ्यानं मान वर केली.

"म्हणजे काल मारणाऱ्यानं जागा पाहिली असती, तर खिडकीतली रोपं मारली असती. वास घेतला असता, तरी खिडकीतलीच मारली असती. माळी तर डोळे बांधून चुकला नसता. जुन्या कुंडीतल्या परक्या रोपांवर उकळतं पाणी ओतलं ते अशा माणसानं, ज्याला सगळं हिरवं सारखंच दिसतं."

 वाचक हसला, पण ओठ कोरडे होते त्याचे. "ही गोष्ट छान आहे. पुरावा?"

"गळ्यात आहे तुझ्या. बिस्किटाचा पुडाही तू रेघ वाचल्याशिवाय सोडत नाहीस. काल अकरा वाजता तू तेरा वेळा टुक् केलं असशील, पाणी ओतायच्या आधी. खात्री करायला. सवयीनं. दे तो इकडं."

वाचकाचा हात स्कॅनरवर गेला, आणि तिथंच राहिला. तपासनिसांपैकी एकानं पुढं होऊन तो त्याच्या गळ्यातून काढला. बटण दाबत मागं मागं गेला. बिस्किटं. नळ्या. आणि मग, रविवार, अकरा वाजून सहा मिनिटं. सात. सात. सात. एकाखाली एक, तेरा वेळा.

"पण का?" मोठ्या बाईंचा आवाज इतका उतरला, की जेमतेम ऐकू आला.

"नळीतला रस संपवला त्यानं," पानबाई म्हणाली. "झाड मारायला गेला. माझ्याकडचा वाळका नमुनाही मागितला. सात नंबरची पोथी जिथं जिथं शिल्लक होती, तिथं तिथं त्याचा हात गेला. रसायनबाईची बरणी तेवढी सोडली, कारण तिच्यातली पोथी जळलेली. ज्याला आपलं वाचन दुसऱ्यानं पडताळायला नको असतं, तोच असं करतो."

वाचकानं मान फिरवली. मग भिंतीकडे बघत बोलला, "दोन प्रती नाहीतच. तुकडे जोडताना मी एक पान दोनदा चिकटवलं. चूक दोन महिन्यांपूर्वी कळली. तोवर निबंध छापायला गेला होता. झाड बारापट देतं, ते खरंच आहे. का देतं, ते मला माहीत नाही." सवयीनं त्यानं गळ्याशी चाचपून बघितलं; स्कॅनर तिथं नव्हता. "झाडच नसेल तर कोण विचारणार होतं?"

"आणि सात?" तपासनिसानं विचारलं. "ते आहे कुठं?"

"वाफ्यात," माळी दारातून म्हणाला. प्रश्न त्याला विचारलेला नव्हता. "सकाळी मी लपवलं. मारणारा परत येईल म्हणून. चार वाजता यांच्याच हातात देणार होतो."

"लपवलंस," पानबाई म्हणाली, "आणि आम्ही सगळ्यांनी मिळून थोडं खाल्लं."

माळ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

७

पानं बर्फाच्या पेटीत गेली. वाचकाला मोठ्या बाई आपल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लागलं. पानबाई अहवाल लिहायला बसली. जाता जाता मोठ्या बाई म्हणून गेल्या होत्या, "चिकटपट्ट्या न बदलणं हा नियमभंग आहे. तोही लिहा. सोडू नका काही."

उंबऱ्यापाशी सावली पडली. माळी आत आला नाही.

"मला का नाही सांगितलंस सकाळी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तू सही केली असतीस."

"नियम तू मोडलास, दादा. तेव्हाही, आताही. मी खोटं लिहिलं नव्हतं."

"खोटं नव्हतं. अर्धं होतं." तो भिंतीला टेकला. "त्या दिवशी चार माणसांचं बियाणं मला एकट्याला एका दिवसात भरायला लावलं होतं. मोठ्या बाईंनीच. तू ते लिहिलं नाहीस. कुणी विचारलं नाही म्हणून."

पानबाईची लेखणी थांबली. वीस वर्षं ती झाडं मुळांसकट दाबत आली होती. भावाचं मात्र नुसतं एक पान खुडून टाचलं होतं तिनं, मूळ न बघता.

तिनं लिहिलं. 'चिकटपट्ट्या माळ्यानं बदलल्या नाहीत.' आणि न थांबता पुढं लिहिलं, 'त्या फक्त कार्यालयात छापतात. माळ्यानं शुक्रवारी दुपारी मागितल्या. कार्यालयानं सोमवारी या म्हणून सांगितलं. माळ्याला स्वतः छापण्याची परवानगी नाही. रोपाची निकड बघून कुंडी त्या दिवशी बदलली नसती, तर सात नंबर आज मेलं असतं.' मग एक कोरी ओळ सोडून: 'अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या निवेदनात पुढील मजकूर राहून गेला होता, तो आता जोडत आहे.'

"शुक्रवारी मागितल्या होत्यास ना?" तिनं विचारलं.

"दोनदा. तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कार्यालयाची वही वाचली. वाचता येतं मला."

तिनं कागद फिरवून त्याच्यापुढं धरला. त्यानं उंबरा ओलांडला, सावकाश वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द. सहावीत वाचायचा तसं. बढती परत मिळेल का, याची हमी त्या कागदात नव्हती. मोठ्या बाई दोन्ही ओळी वाचून काय करतील, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण सामान आज बाहेर पडणार नव्हतं.

तिनं सही केली.

माळ्यानं खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी काढली. आचाऱ्यानं बोडक्या केलेल्या रोपांपैकी एकाची. दोन पानं राहिलेली. ती त्यानं टेबलावर ठेवली. सवयीनं पानबाईचा हात टिपकागदाकडे, दाबायच्या फळ्यांकडे गेला.

"दाबू नकोस," माळी म्हणाला. "लाव."

"मला लावता येत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर देतोय." तो वळून चालू लागला, आणि व्हरांड्यातून त्याचा आवाज आला, "मेली तर तुझ्यावर अहवाल लिहीन. अख्खा."